राजाचा भात आणि आपला नेम

(धावडा, ता. भोकरदन, जि. जालना इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



व्याख्यानाचा विषय कळवा असा फोन आला, तेव्हा मी म्हणालो, ‘खाण्याचे नेम’. पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, ‘सर, म्हणजे आरोग्यावर का?’ म्हटलं, नाही, इतिहासावर. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला, माझ्याकडून कुणी औषध घेऊ नये. पण गेली काही वर्षं मला साखरेचा आजार आहे, आणि त्याच्या आधी चाळीस वर्षं खाण्याचा आजार होता. तेव्हा या प्रश्नात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

स्वार्थ असा. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी वाचायला बसायचो आणि हाताशी शेव-चिवड्याचा डबा असायचा. पान उलटायचं, एक मूठ तोंडात टाकायची. प्रकरण संपेपर्यंत डब्याचा तळ दिसायचा. वाचलेलं लक्षात राहायचं नाही आणि खाल्लेलंही नाही. मग एकदा रक्त तपासलं, साखर निघाली. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: खा, पण थोडं खा. या ‘थोडं’ शब्दाबरोबर मी तीन वर्षं काढली. मूठ लहान केली, मुठींची संख्या वाढली.

आयुष्यभर मी ॲरिस्टॉटल शिकवला. त्याच्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात नेमका हाच प्रश्न आहे. चांगलं काय ते कळत असताना माणूस उलटं का वागतो? सॉक्रेटिसचं म्हणणं, असं होतच नाही. खरंच कळलं असेल तर माणूस तसा वागेलच. ॲरिस्टॉटल म्हणतो, होतं, आणि डोळ्यांसमोर होतं. वर्गात मी सॉक्रेटिसची बाजू फार जोरात मांडायचो. शेवेच्या डब्यानं मला उचलून ॲरिस्टॉटलच्या बाजूला बसवलं.

तेव्हा मी शोधायला लागलो, की आपल्या आधीच्या माणसांनी या ‘थोडं’चं काय केलं. आज जे सांगणार आहे ते त्या शोधातलं आहे.

सुरुवात इथल्याच डोंगरापासून करू. ही रांग धरून पश्चिमेकडे गेलं की अजिंठा. आपलं तालुक्याचं गाव भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन; तिथल्या दात्यांचे उल्लेख पार सांचीच्या स्तूपावरच्या लेखांत सापडतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखातल्या बायाबापड्यांनी भिक्षूंच्या पात्रात अन्न वाढलेलं आहे. त्या भिक्षूंचा एक नेम होता: सूर्य माथ्यावरून कलला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवण नाही. आजारी माणसाला तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही औषधं म्हणून चालत. बाकी काही नाही.

हा नेम आला कसा याची हकिगत पाली ग्रंथांत आहे आणि ती मला फार आवडते. उदायी नावाचा भिक्षू सांगतो, की आधी आम्ही सकाळी, दुपारी, संध्याकाळी, वाटेल तेव्हा जेवत होतो. मग बुद्धांनी आधी दुपारनंतरचं सोडायला सांगितलं, पुढे रात्रीचं. वाईट वाटलं, म्हणतो, कारण चांगलंचुंगलं नेमकं रात्रीच शिजायचं. पण रात्री भिक्षेला गेलेले भिक्षू अंधारात उकिरड्याच्या खड्ड्यात पडत, काट्यांत शिरत, झोपलेल्या गाईवर आदळत. एकदा तो स्वतः काळोखात एका दारी उभा होता. घरातली बाई भांडी घासत होती. वीज चमकली, त्या उजेडात तिला हा दिसला, आणि भूत समजून ती किंचाळली. मग तिनं त्याला जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही, बायामाणसं बसली आहेत. उदायी कबूल करतो, की सोडताना जे दुःख वाटलं ते सोडल्यावर सुटकेसारखं वाटलं.

पण भिक्षूंचं सोडा. त्यांनी घर सोडलं होतं, जेवण सोडलं तर काय मोठं. मला हवा होता घरात राहणारा, सुग्रास खाणारा माणूस. तो याच ग्रंथांत भेटला आणि तोही राजा निघाला. कोसलचा राजा पसेनदी, बुद्धांचा समवयस्क आणि मित्र. हा एका वेळी द्रोणभर भात खायचा. द्रोण म्हणजे जेवणावळीतला पानांचा द्रोण नव्हे, धान्य मोजायचं ते मोठं माप. एकदा असाच जेवून धापा टाकत बुद्धांना भेटायला आला. बुद्धांनी एक लहानशी गाथा म्हटली. आशय एवढाच, की जो भान ठेवून मापानं जेवतो त्याच्या यातना कमी होतात, म्हातारपण हळू येतं आणि आयुष्य टिकतं.

आता इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मान डोलावली असती, गाथा पाठ केली असती, फार तर भिंतीवर लावली असती. पसेनदीनं तसं केलं नाही. मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, तू ही गाथा शिकून घे आणि माझं ताट वाढलं की दर वेळी म्हण. रोजचे शंभर कहापण देईन. रोजचे! अट्ठकथेत आणखी बारकावा आहे. राजा शेवटचा घास उचलायला लागला की पोरानं गाथा म्हणायची, राजानं तो घास ठेवून द्यायचा आणि पुढच्या वेळी तेवढा तांदूळ कमी शिजवायचा. असं करत करत राजा द्रोणावरून एका नाळीवर, म्हणजे लहान मापावर आला. पुढे एकदा आपल्या अंगावरून हात फिरवत तो म्हणाला, की बुद्धांनी माझं इहलोकीचंही भलं केलं.

मला ही अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आजच्या कुठल्याही आहारपुस्तकापेक्षा शहाणी वाटते. राजाला ज्ञान मिळालं होतं. पण समोर भात आल्यावर ते ज्ञान आपल्या कामाला येणार नाही हेही त्याला कळलं होतं. म्हणून त्यानं निर्णय ताटापासून लांब, पोट भरलेलं असताना घेतला, आणि तो राखायला दुसरा माणूस पगारावर ठेवला. जेवताना राजाला ठरवायचं काहीच उरलं नाही. ऐकायचं तेवढं उरलं.

आता तेराव्या शतकात येऊ. देवगिरीला यादवांचं राज्य. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या काळात श्रीकरणाधिप होता हेमाद्री, आपला हेमाडपंत. त्यानं ‘चतुर्वर्गचिंतामणि’ नावाचा अवाढव्य ग्रंथ रचला आणि त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रतं गोळा केली. त्यावर पुढच्या काळात पुष्कळ टीका झाली, की यादवांच्या दरबारात व्रतंच मोजत बसले. मीही तरुणपणी ती टीका हिरिरीनं करायचो. आज वेगळ्या नजरेनं बघतो. जुन्या धर्मशास्त्रात जेवणाच्या नेमाचे ठरलेले प्रकार आहेत. एकभुक्त म्हणजे दिवसा एकदाच. नक्त म्हणजे दिवसभर काही नाही, रात्री एकदा. अयाचित म्हणजे न मागता जे येईल तेवढंच. आणि उपवास म्हणजे काहीच नाही. यांत ‘थोडं’ कुठेही नाही. सगळं मोजता येतं. दुसऱ्यालाही बघता येतं, की पाळलं की मोडलं.

घासांचीही मोजणी होती. धर्मसूत्रं सांगतात, संन्याशानं आठ घास, वानप्रस्थानं सोळा, गृहस्थानं बत्तीस, आणि ब्रह्मचाऱ्याला मोजमाप नाही! ही शेवटची सवलत आमच्या वसतिगृहाच्या मेसवाल्याला कुणीतरी सांगायला हवी होती. चांद्रायणात तर चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास वाढवायचा, पौर्णिमेला पंधरा, मग रोज एक कमी. एवढी बारीक मोजणी करणाऱ्या माणसांना खाण्याची ओढ म्हणजे काय हे चांगलं ठाऊक असणार.

त्याच काळात, याच मुलखात, हेमाद्रीच्या अगदी उलट वाटेनं जाणारे चक्रधरस्वामी होते. आपल्याजवळचं जाळीचा देव हे त्यांचंच स्थान. तिथे पौर्णिमा-अमावस्येला जाणारे तुमच्यात पुष्कळ असतील. चक्रधरांनी निरनिराळ्या देवतांची व्रतं मानली नाहीत. त्यांच्या अनुयायांसाठी ना तिथी, ना घासांची संख्या. त्यांनी संन्याशाला भिक्षा सांगितली. गावात फिरायचं, घर निवडायचं नाही, मिळेल ते घ्यायचं. आता विचार करा, इथे जेवणावर सगळ्यात कडक बंधन कुठलं आहे? निवडच काढून घेतली आहे. एका घरची शिळी भाकरी, दुसऱ्या घरची आमटी, तिसरीकडे नुसतं ‘पुढे जा’. जिभेला हट्ट करायला जागाच राहत नाही. हेमाद्रीनं पंचांगभर नेम पसरले, चक्रधरांनी मागण्याची सोयच मिटवली. दोघं एकमेकांचे विरोधक. महानुभावांच्या आठवणीत हेमाद्रीबद्दल कडवटपणाच आहे. पण जेवायच्या क्षणी माणसावर विश्वास ठेवायचा नाही, याबद्दल दोघांचं एकमत दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमच्या घरात एकादश्या आहेत, चातुर्मास आहे, श्रावणी सोमवार आहे, मग आम्हाला साखर का होते? बरोबर आहे. म्हणून नेमाची दुसरी बाजूही सांगतो.

उपासाला काय खातो आपण? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. मंडळी, यातलं बहुतेक सगळं मूळचं अमेरिका खंडातलं! साबुदाणा आज ज्या कंदापासून होतो तो कंद तिकडचा, बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, रताळं तिकडचं, राजगिऱ्याचं धान्यही तिकडचंच. पोर्तुगीज आले त्याच्यानंतर हे आपल्याकडे पोचलं. हेमाद्रीनं यातला एकही पदार्थ पाहिलेला नाही. पूर्वी साबुदाणा मलायाकडून बोटीनं येई. दुसऱ्या महायुद्धात तो बंद झाला आणि तामिळनाडूत सेलमच्या बाजूला कारखाने उभे राहिले. आज आपल्या दुकानात येतो तो बहुतेक तिकडचा. हे पदार्थ उपासाला का चालले? माझं अनुमान साधं आहे. नेम होता तो धान्य न खाण्याचा, आणि वर्ज्य पदार्थांच्या जुन्या यादीत यांची नावंच नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे मनाई नाही. भगर आणि शिंगाडा तेवढे आपले जुने. एका ताट साबुदाणा खिचडीनं माझी साखर कुठे जाते ते मी मोजून पाहिलं आहे. आकडा सांगत नाही, घरचे ऐकत असतील.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यालाच मारलेली आहे.

आणि कांदेनवमी! आषाढ शुद्ध नवमी. दोन दिवसांनी एकादशी, चातुर्मास सुरू, कांदा-लसूण चार महिने बंद. म्हणून नवमीला कांद्याची भजी, कांद्याचं पिठलं, कांद्याचे थालीपीठ, जेवढं मावेल तेवढं. आमच्या आईच्या हातची कांदेनवमीची भजी आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं. ‘सोमवारपासून डाएट’ म्हणणारा माणूस रविवारी काय करतो ते आठवा. ती त्याची कांदेनवमी. नेम येणार ही बातमी कळली की भूक आधीच धावत सुटते. आपल्या पूर्वजांनी तिलाही एक दिवस नेमून दिला आणि सण केला. या शहाणपणाला हसावं की दाद द्यावी, मला अजून कळलेलं नाही.

नेमाचे शब्द आणि नेमाचा हेतू यांची फारकत सगळ्यात प्रामाणिकपणे लिहून ठेवली ती गांधीजींनी. त्यांच्यावर इथे थोडा थांबतो.

१९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परतले. जातील तिथे पाहुणचार. कलकत्त्यात भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी तर कमाल झाली. गांधीजी फळं आणि सुका मेवा खातात म्हणून घरातल्या बायकांनी बाजारातली सगळी फळं आणि सुका मेवा जमवून, रात्र जागून नाना प्रकार केले. गांधीजींना ते सोसवेना. एप्रिलमध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं: चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत, आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. पदार्थ म्हणजे काय हेही त्यांनी काटेकोर ठरवलं, आजारपणातलं औषधसुद्धा त्या पाचांत धरायचं. आत्मकथेत तेरा वर्षांनंतर ते लिहितात, की या व्रतांनी माझी कसोटी पाहिली, पण ती माझी ढाल झाली. हा ढाल शब्द लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे येणार आहे.

आता १९१८चा उन्हाळा-पावसाळा. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी वणवण. शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू यांवर राहत होते. लोणी जास्त झालं, पोट बिघडलं. अहमदाबादला आश्रमात आले. सणाचा दिवस होता. कस्तुरबांना आधी सांगितलं होतं, मी काही खाणार नाही. दुधाचं व्रत होतं, म्हणून बांनी तुपाऐवजी तेल घालून गव्हाची गोड लापशी केली होती, आणि वाटीभर मूग वेगळे ठेवले होते. दोन्ही आवडीचे. गांधीजींनी मनाशी ठरवलं, बांचं मन राखण्यापुरतं आणि जिभेपुरतं थोडंसं घेऊ. आणि पोटभर खाल्लं. तासाभरात हगवण सुरू झाली, ती मरणाच्या दारापर्यंत घेऊन गेली.

हा प्रसंग मी किती वेळा वाचला असेन! एकाच वाटीसमोर दोन नेम होते. ‘दूध-तूप नाही’ हा पक्का नेम होता, तो शाबूत राहिला. लापशीत तूप नव्हतंच. आणि ‘आज काही खाणार नाही’चं जे ‘थोडंसं’ झालं, ते पहिल्या घासाबरोबर वाहून गेलं. माणूस तोच, संयम तोच, दिवस तोच. गांधींचं जिथे ‘थोडंसं’ टिकलं नाही, तिथे माझ्या शेवेच्या डब्याची काय कथा!

पुढची हकिगत आपल्या महाराष्ट्रातली आहे. हवापालटासाठी ते माथेरानला गेले, तिथलं जड पाणी मानवलं नाही. मग मुंबईत डॉक्टर दलालांनी तपासलं आणि सांगितलं, दूध घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. कस्तुरबा शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती. गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं. आणि लिहून ठेवलं, की मी व्रताचे शब्द पाळले, आत्मा मोडला. जगण्याची इच्छा सत्यनिष्ठेपेक्षा जोरदार ठरली. ही टोचणी त्यांना पुढेही राहिली. आपल्या साबुदाण्याबद्दल आपल्याला अशी टोचणी लागते का? मला तर नाही लागली कधी, ग्लुकोमीटर घरी येईपर्यंत.

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली, त्यांत एक अस्वादावर आहे. अन्न औषधासारखं, मापात, शरीराला लागतं म्हणून घ्यावं, असं त्यात मांडलंय. मला हे पटत नाही. चव ही शत्रू आहे असं मानणारा माणूस हुरड्याच्या दिवसांत जालना जिल्ह्यात राहू शकणार नाही. पसेनदीनं भात कमी केला, पण भात बेचव शिजवा असं त्यानं सांगितल्याचं कुठे नाही.

थोडं माझ्या पिढीचं सांगतो, कारण त्याशिवाय आमचं खाणं कळणार नाही. १९७२चा दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी, रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली ते इथे बसले असतील. त्या काळात घरात एकच नेम होता: ताटात काही टाकायचं नाही. तो नेम अगदी योग्य होता, कारण अन्नच नव्हतं. पुढे अन्न आलं, ताटं मोठी झाली, वाढणारे हात सैल झाले, पण नेम तोच राहिला. मी सत्तरी ओलांडली तरी नातवंडांच्या ताटातलं उरलेलं संपवत होतो. दुष्काळानं घालून दिलेला नेम मी सुकाळात पाळत होतो. एकदा घेतलेला नेम तपासायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आपल्या काळात महाराष्ट्रात असाच एक कडक नेम घरोघर पोचला तो डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांमुळे. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना, नागपूरचे कैलासवासी डॉक्टर श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून त्यांना सूत्र मिळालं: दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं, मध्ये काही नाही. त्याविरुद्ध दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणारा पक्षही आहे, आणि २०१८च्या सुमाराला हा वाद लग्नघरांतसुद्धा ऐकू यायचा. वैद्यकीय खरं-खोटं मी करणार नाही. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दिसतं ते एवढंच: ‘एकभुक्त’ला ‘द्विभुक्त’ असा भाऊ मिळाला, आणि तो लोकांना आवडला कारण तो मोजता येतो. दोन म्हणजे दोन. थॉमस शेलिंग हा २००५चा अर्थशास्त्राचा नोबेल मानकरी. आपल्याच मनाशी चालणाऱ्या अशा घासाघिशीवर त्यानं सुंदर लिहिलंय. त्याचा मुद्दा असा, की ‘एकही नाही’ ही रेघ ठळक असते, ‘कमी’ ही रेघच नसते. आज तीन घास, उद्या चार; चौथ्याला अडवायचं कोणत्या तोंडानं?

मीही शेवटी नेम केला. पाटावर किंवा खुर्चीवर बसून, ताट वाढून घेतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. उभ्यानं नाही, वाचताना नाही, डब्यातून नाही. शेव खायची तर ताटात, जेवणाबरोबर. वर्षभर छान चाललं.

मग एका लग्नात मोडलं. बुफे होता, सगळे उभ्यानं खात होते. आधी एक जिलेबी. मग मनात आलं, आता मोडलंच आहे. हे ‘आता मोडलंच आहे’ फार घातक वाक्य आहे. आठ दिवस मी असा खाल्लो, की वर्षाची भरपाई झाली. १९७५ साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक या दोघांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुलींना आधी मिल्कशेक पाजलं, मग आइस्क्रीम चाखायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्या मुलींनी शेक प्याल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. बंधन पाळणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नेम मोडल्याची जाणीव भुकेपेक्षा जड पडली. काही जणांना, विशेषतः तरुण मुलामुलींना, कडक नेमातून आजारही जडतो. उपाशी राहणं आणि आधाशासारखं खाणं यांच्या चक्रात ते सापडतात. अशा घरात नेम वाढवू नका, चांगला मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

त्या आठ दिवसांनंतर मी पुन्हा जुन्या ग्रंथांकडे वळलो आणि मला एक गोष्ट दिसली, जी आधी नजरेतून सुटली होती. व्रताला संकल्प असतो, मुदत असते, उद्यापन असतं; आणि मोडलं तर काय करायचं, हेही आधी सांगितलेलं असतं. मोडणार हे गृहीत धरलेलं आहे! प्रायश्चित्त म्हणजे शिक्षा असं आपण समजतो. मला ते आता पुन्हा आत यायचं दार वाटतं. माझ्या नेमाला असं दार नव्हतं, म्हणून एका जिलेबीनं मी आठ दिवस बाहेर राहिलो. आता माझ्या नेमाला मुदत आहे: देवउठनीपासून आषाढीपर्यंत, आणि आषाढीपासून देवउठनीपर्यंत. दर वेळी बसून तपासतो, चालू ठेवायचा का, बदलायचा का. ताट पुसून खायचा दुष्काळातला नेम अशाच एका आषाढीला सोडला. आणि मोडलं तर पुढचं जेवण नेहमीसारखं, नेहमीच्या वेळी. भरपाईचा उपास नाही. गंमत म्हणजे मोडण्याचं प्रमाण कमी झालं आहे. अजून मोडतं. मागच्या महिन्यात मोडलं.

सुदस्सनही मिळाला आहे. माझी नात. तिला पसेनदीची गोष्ट सांगितली होती. आता तिसऱ्या भाकरीला हात गेला की ती मोठ्यानं म्हणते, ‘आजोबा, राजा!’ आणि हात थांबतो. शंभर कहापण तिनेही मागितले होते. रोज दहा रुपयांवर तडजोड झाली. औषधापेक्षा स्वस्त आहे.

आता तो ढाल शब्द. आपल्याकडे पंगतीत वाढणारा माणूस ‘नको’ ऐकत नाही. ‘पोट भरलं’ ऐकत नाही. ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ म्हटलं तर म्हणतो, एका दिवसानं काय होतंय! अंगानं आडवा हात घातला तरी हातावर वाढतो. पण ‘माझा नेम आहे’ म्हटलं, की पळी तिथल्या तिथे थांबते. गावोगाव पाहिलंय मी. नेम हा शब्द आपल्या समाजात एवढा मान राखून आहे, की आग्रह करणाऱ्याचाही अपमान होत नाही आणि खाणाऱ्याचीही सुटका होते. भूपेंद्रबाबूंच्या घरून निघालेल्या गांधीजींना बहुधा हेच हवं होतं.

वेळ झाली. संयोजकांनी जेवण ठेवलंय, वरण-बट्टी आहे असं मघाशी कानावर आलं, वासही येतोय. वाढायला जी मंडळी असतील त्यांना आत्ताच, माइकवरच सांगून ठेवतो: मी खाली बसणार, ताट एकदाच वाढून घेणार, दोन बट्ट्या. तिसरी आणू नका, माझा नेम आहे. तूप मात्र त्या दोनांवर हात आखडता न घेता सोडा.